दावा सांगणे, दावा घालणे, खटला भरणे: पेडण्याच्या वळणाने एक आढावा

कोणाला तरी न्यायालयात प्रतिवादी करण्याच्या क्रियेसाठी मराठीत एकेरी धातू नाही. ‘भांडणे’, ‘मागणे’, ‘फसवणे’ यांच्यासारखे एका शब्दात आटोपणारे क्रियापद या कामाला मिळत नाही. मिळते ती एखादे नाम आणि त्याला चालते करणारे क्रियापद यांची जोडी, जसे दावा लावणे, फिर्याद देणे, खटला भरणे, केस घालणे, अर्ज करणे. वरवर पाहता ही भाषेची गरिबी वाटते. पण या जोड्यांमधून जी निवड करावी लागते तिच्यात पुष्कळ कायदा सामावलेला असतो. भांडण कोणत्या कचेरीत गेले, मागणी पैशाची आहे की शिक्षेची, समोरचा माणूस प्रतिवादी आहे की आरोपी, आणि प्रकरण अजून बोलण्यातच आहे की कागदावर आले, हे सारे जोडी ऐकताच कळते, निदान कळायला हवे. या निवडीचा आढावा घेण्यासाठी पेडणे तालुक्यातील हळर्ण हे गाव सोयीचे आहे, कारण शापोरा नदीच्या काठच्या या गावाने गेल्या पावणेतीनशे वर्षांत सावंतवाडीचा, पोर्तुगिजांचा आणि भारताचा असे तीन न्यायव्यवहार पाहिले, आणि प्रत्येकाने तेथील माणसाच्या तोंडी काही शब्द ठेवून दिले.

या सर्व शब्दांत ‘दावा’ हा सर्वांत जुना नसला तरी सर्वांत कामाचा आहे. मूळ अरबी असलेला हा शब्द फारसी दप्तरांमार्फत मराठीत आला आणि इथे त्याला तीन घरे मिळाली. पहिले घर वैराचे: साप आणि मुंगूस यांचा ‘उभा दावा’ असतो, जुना हिशेब चुकता करणारा माणूस ‘दावा साधतो’, आणि जुन्या मराठीत ‘दावेदार’ म्हणजे सरळ शत्रू. दुसरे घर हक्काचे: एखाद्या वस्तूवर, वतनावर किंवा जमिनीवर माणूस ‘दावा सांगतो’, आणि त्यासाठी त्याला न्यायालयात जावेच लागते असे नाही, चावडीवर, देवळाच्या चौकात किंवा भावकीच्या बैठकीतही तो सांगता येतो. तिसरे घर न्यायालयाचे: दिवाणी न्यायालयात लेखी अर्जाने मागितलेली दाद म्हणजे दावा. गुराच्या गळ्यातील दाव्याशी या शब्दाचे काही नाते नाही, जरी वीस वर्षे तारखा मोजणाऱ्या पक्षकाराला तसा संशय येणे क्षम्य आहे.

अलीकडे याला चौथे घर मिळाले आहे आणि तेच आज सर्वांत गजबजलेले आहे. ‘मंत्र्यांनी असा दावा केला की…’ या वाक्यात दावा म्हणजे नुसते ठाम विधान. हिंदी बातम्यांच्या सहवासाने ही योजना मराठीत इतकी रुळली की ‘त्याने दावा केला’ एवढे वाक्य वाचल्यावर आता वाचक पुढच्या ‘की’ची वाट पाहतो, आणि तो ‘की’ आला नाही तर त्याला वाक्य अपुरे वाटते. परिणामी, पूर्वी न्यायालयासाठी निःशंक वापरली जाणारी ‘दावा करणे’ ही जोडी संदिग्ध झाली आणि न्यायालयाचा अर्थ स्पष्ट करण्यासाठी ‘लावणे’, ‘घालणे’, ‘दाखल करणे’ यांचा आधार घ्यावा लागू लागला. भाषेने आपणहून काढलेली ही पळवाट वाईट नाही. फक्त ती वापरली पाहिजे, आणि ‘शेजाऱ्याने दावा केला’ असे मोघम लिहून वाचकाला अर्थ शोधायला लावू नये.

‘फिर्याद’ फारसीतून आली. तिचा मूळ अर्थ गाऱ्हाणे, मदतीची हाक. आज तिचा कल फौजदारीकडे आहे: अन्याय झालेला माणूस पोलिसांकडे किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद देतो आणि म्हणून तो ‘फिर्यादी’ ठरतो, वादी नव्हे. जुन्या कागदांत ‘फिर्याद गुदरणे’ अशी जोडी सापडते. ‘गुदरणे’ म्हणजे वरिष्ठापुढे सादर करणे, आणि त्या क्रियापदात मान खाली घालून उभे राहण्याची जी छटा होती ती क्रियापदाबरोबरच गेली. ‘खटला’ हा शब्द मात्र घरातून कचेरीत गेलेला दिसतो, कारण ‘त्यांचे खटले मोठे आहे’ म्हणजे घरात माणसे पुष्कळ आहेत, असा नपुंसकलिंगी प्रयोग अजून ऐकू येतो; व्याप, पसारा, लचांड या अर्थाकडून तो पुल्लिंगी होऊन न्यायालयीन प्रकरणाकडे वळला असावा. ‘कज्जा’ अरबीतून आला आणि आता मुख्यतः ‘कज्जेदलाल’ या शिवीवजा शब्दात उरला. यांच्या पुढे ‘केस’. इंग्रजीतून आलेल्या या शब्दाने बोलीत बाकी सर्वांची जागा घेतली आहे, आणि त्याचे कारण उघड आहे: बोलणाऱ्याला दिवाणी-फौजदारीचा भेद करायचा नसेल, किंवा त्याला तो ठाऊक नसेल, तर ‘केस’ दोन्हीकडे खपते.

नामाइतकेच महत्त्व त्याच्या जोडीच्या क्रियापदाला आहे. घाटावर ‘केस टाकली’ म्हणतात, कोकणात आणि गोव्यात ‘केस घातली’ म्हणतात. कोकणीतील ‘म्हजेर केस घाल्या’ हे वाक्य पेडण्यातील माणूस मराठी बोलताना ‘माझ्यावर केस घातली आहे’ असे जसेच्या तसे आणतो, आणि ते चांगले मराठी आहे. ‘दाखल करणे’ हे तटस्थ आणि कागदी आहे. ‘ठोकणे’ यात आवेश आहे, म्हणून अब्रुनुकसानीचे कोट्यवधींचे दावे वर्तमानपत्रांत नेहमी ‘ठोकले’ जातात, तर वाटणीचा दावा कोणी ठोकत नाही. ‘खटला’ मात्र घातलाही जात नाही आणि ठोकलाही जात नाही. तो ‘भरला’ जातो आणि नंतर ‘चालवला’ जातो, आणि तो चालवण्याचे काम बहुधा सरकार पक्षाचे असते. ‘दाखल करणे’ आणि ‘दाखल करून घेणे’ यांतला फरकही पाळण्यासारखा आहे, कारण पहिली कृती वादीची असते आणि दुसरी न्यायालयाची. ‘न्यायालयाने दावा दाखल केला’ असे छापून आले की न्यायाधीशच पक्षकार झाल्यासारखे होते.

हा सगळा व्यवहार एका काल्पनिक उदाहरणाने जवळून पाहता येईल. हळर्णातील डोंगरउतारावरच्या काजूच्या बागेची मेर, म्हणजे हद्द, दोन भावांत वादाची आहे असे धरू. आरंभी थोरला मेरेपलीकडच्या चार झाडांवर दावा सांगतो. येथे न्यायालय कोठेच नाही. धाकटा गावातल्या जाणत्यांपुढे गाऱ्हाणे घालतो, एक-चौदाचा उतारा काढून आणतो (महाराष्ट्रात जे काम सातबारा करतो ते गोव्यात नमुना १ व १४ करतो), आणि तेवढ्याने भागले नाही म्हणजे पेडण्याच्या दिवाणी न्यायालयात थोरल्यावर मनाईचा दावा घालतो, म्हणजे थोरल्याने त्या झाडांना हात लावू नये असा हुकूम मागतो. आता धाकटा वादी झाला आणि थोरला प्रतिवादी. थोरल्यावर समन्स बजावले जाते, तो वकीलपत्र देतो, कैफियत म्हणजे आपले लेखी म्हणणे मांडतो, आणि मग तारीख पडू लागते. थोरल्याचा वकील म्हणतो, ‘हा दावा चालत नाही.’ शेजारी विचारतो, ‘दावा चालू आहे का?’ आणि उत्तर येते, ‘चालू आहे.’ एकाच धातूच्या या दोन रूपांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे: ‘चालत नाही’ म्हणजे कायद्याच्या दृष्टीने असा दावा टिकूच शकत नाही, आणि ‘चालू आहे’ म्हणजे निकाल लागायचा आहे, त्यामुळे न चालणारा दावा दहा वर्षे चालू राहू शकतो, आणि पुष्कळदा राहतोही. निकाल वादीच्या बाजूने लागला तर दावा मंजूर होतो आणि हुकूमनामा निघतो. विरुद्ध लागला तर दावा फेटाळला जातो, ज्याला बोलीत ‘केस उडाली’ म्हणतात. मध्येच एका रात्री थोरल्याच्या माणसांनी काजू तोडून नेले, तर धाकटा पोलिसांत तक्रार देईल, गुन्हा नोंद होईल, तपासाअंती आरोपपत्र गेले तर खटला उभा राहील. आणि तेव्हा त्याच भावांत एकाच वेळी एक दावा आणि एक खटला असेल, दोहोंचे पक्षकार, पुराव्याची कसोटी आणि शेवट वेगवेगळे.

या उदाहरणात विभक्तिप्रत्ययांनी आणि शब्दयोगी अव्ययांनी केलेले कामही लक्षात घेण्यासारखे आहे. ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय माणसाला लागले तर अर्थ न्यायालयाचा होतो आणि वस्तूला लागले तर हक्काचा: ‘भावावर दावा’ म्हणजे कोर्टातले प्रकरण, ‘बागेवर दावा’ म्हणजे मालकीची मागणी. न्यायालयीन दावा कशाबद्दल आहे हे सांगायचे तर षष्ठी वापरतात: वाटणीचा दावा, ताब्याचा दावा, वहिवाटीचा दावा, पैशाचा दावा. ‘विरुद्ध’ हे ‘वर’चे औपचारिक रूप, पण ‘वर’ मध्ये अंगावर काहीतरी येऊन पडल्याची जी जाणीव आहे ती ‘विरुद्ध’ मध्ये नाही, म्हणूनच प्रतिवादी स्वतःबद्दल बोलताना ‘माझ्याविरुद्ध दावा दाखल झाला’ असे म्हणत नाही, ‘माझ्यावर दावा आला’ असे म्हणतो.

इतिहासाकडे वळले तर असे दिसते की मराठी न्यायव्यवहार एके काळी क्रियापदांच्या बाबतीत अधिक साधा होता. मराठेशाहीतील महजरांत आणि निवाडपत्रांत पक्षकार बहुधा ‘भांडतात’ किंवा ‘वाद सांगतात’. जो आधी आपली बाजू मांडतो तो अग्रवादी, जो नंतर मांडतो तो पश्चिमवादी. दोघे आपापली तकरीर, म्हणजे हकीकत, लिहून देतात आणि होणारा निर्णय मानू असा ‘राजीनामा’ देतात, जो आजच्या राजीनाम्याहून अगदी वेगळा दस्त आहे. गोतसभा, म्हणजे देशमुख, देशपांडे, पाटील, बलुतेदार यांची बैठक, साक्षी घेते, क्वचित दिव्यही करवते, आणि शेवटी हरलेला पक्ष ‘येजितखत’, म्हणजे हार मानल्याचा दस्त, लिहून देतो. जिंकणाऱ्याने सरकारला हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम, द्यायची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी, म्हणजे दंड, भरायची. आज ज्याला दिवाणी म्हटले जाईल अशा वतनाच्या वादातही ‘गुन्हेगारी’ हा शब्द येतो, यावरून दिवाणी आणि फौजदारी यांतली भिंत तेव्हा आजच्यासारखी पक्की नव्हती हे कळते. या पद्धतीचा पायाभूत अभ्यास वि. त्र्यं. गुणे यांनी केला. त्यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथ १९५३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून निघाला, आणि पुढे हेच गुणे गोव्याच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख झाले, हा योगायोग गोव्याच्या मराठी कागदांसाठी भाग्याचा ठरला.

हळर्णात या जुन्या व्यवहारानंतर पोर्तुगीज आले. तेथील किल्ला १७४६ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रो मिगेल द आल्मैदा याने जिंकला आणि त्याबद्दल पोर्तुगालच्या राजाने त्याला ‘मार्केस द आलोर्ना’ ही पदवी दिली. आलोर्ना हे हळर्णाचेच पोर्तुगीज रूप. पुढे किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांकडे परत गेला, पुन्हा पोर्तुगिजांकडे आला, आणि १७८८ मध्ये पेडणे महाल कायमचा पोर्तुगीज राज्यात गेला. पेडणे, डिचोली, सत्तरी हे प्रदेश म्हणून ‘नव्या काबिजादीं’त मोडतात आणि त्यांची न्यायकथा बार्देश-सासष्टी या जुन्या मुलखाहून वेगळी आहे. गोव्यात १५४४ पासून ‘रेलासांव’ हे वरिष्ठ न्यायालय होते. पण नव्या काबिजादींतील लोकांच्या रूढी आणि चालीरीती पाळू असे वचन पोर्तुगिजांना द्यावे लागले, आणि त्या रूढींच्या संहिता एकोणिसाव्या शतकात तयार झाल्या. सबंध गोव्यातील हिंदूंच्या रीतिरिवाजांचा हुकूम १६ डिसेंबर १८८० चा आहे. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली. परिणाम असा झाला की हळर्णासारख्या गावात घरातली बोली कोकणी, देवस्थानाची आणि हिशेबाची लिखावट मराठी, बऱ्याचदा मोडीत, आणि न्यायालयाचा कागद पोर्तुगीज, अशी त्रिभाषिक घडी शे-दीडशे वर्षे चालली. या घडीतून ‘प्रोकुरासांव’ (मुखत्यारपत्र) आणि ‘एस्क्रिव्हांव’ (कारकून, लेखनिक) यांसारखे शब्द टिकले. पण दावा घालण्याचे क्रियापद पोर्तुगिजांनी दिले नाही, ते मराठी-कोकणीचेच राहिले. दस्तांची नावे परकी आणि कृतीचे शब्द आपले, ही वाटणी भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे.

१९६१ मध्ये गोवा भारतात आल्यावर चित्र पुन्हा बदलले. १९६२ च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे, ते बदलले जाईपर्यंत, चालू ठेवले; भारतीय दिवाणी प्रक्रिया संहिता गोव्यात १९६६ मध्ये आली; आणि १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ पणजीत स्थापन झाले. म्हणजे दावा घालण्याची रीत भारतीय, पण कुटुंब आणि वारसा यांचा कायदा बराचसा पोर्तुगीज वळणाचा. आणि याच सांध्यावर गोव्याच्या मराठीतील शब्दयोजनेचे सर्वांत गुंतागुंतीचे प्रश्न उभे राहतात.

त्यांतला पहिला इन्व्हेंटरीचा. माणूस वारला की त्याच्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याची जी न्यायालयीन कार्यवाही असते तिला पोर्तुगीज काळापासून इन्व्हेंतार आणि आता सर्रास इन्व्हेंटरी म्हणतात. कुटुंबप्रमुख म्हणून नेमलेली व्यक्ती, जिला पोर्तुगीज शब्दाने ‘काबेस द काझाल’ म्हणत, शपथेवर मालमत्ता आणि वारस जाहीर करते. एखादी वस्तू दोघांना हवी असेल तर वारसांपुरताच लिलाव होतो, आणि ज्याच्या पदरी वाट्यापेक्षा अधिक पडते तो इतरांना फरक पैशात देतो. हा विषय आता गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा, २०१२ यात आहे, आणि तो २०१६ च्या डिसेंबरपासून अमलात आला. या कार्यवाहीत वादी-प्रतिवादी नसतात. असतात ते हितसंबंधी पक्ष. तरीही बोलीत ‘बहिणीने इन्व्हेंटरी घातली’ असे वाक्य ‘बहिणीने केस घातली’ याच साच्यात पडते, आणि मुंबईला किंवा पुण्याला राहणारा नातेवाईक ते ऐकून बहिणीने भावाला कोर्टात खेचले असे समजतो. महाराष्ट्रात ज्याला वाटणीचा दावा म्हणतात त्याच्या जागी गोव्यात हा मार्ग नेहमीचा आहे, मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, आणि म्हणून इन्व्हेंटरी घालणे यात भांडण असेलच असे नाही. ‘घालणे’ या क्रियापदाबरोबर येणारा ‘वर’ येथे गळलेला असतो, हीच ओळखण्याची खूण: इन्व्हेंटरी कोणावर घालत नाहीत, नुसती घालतात.

दुसरा प्रश्न पती-पत्नींचा. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर गोव्यात पती आणि पत्नी एकमेकांच्या मालमत्तेत निम्म्याचे भागीदार असतात, आणि स्थावर मालमत्ता विकायला दोघांची संमती लागते. म्हणून जमिनीच्या दाव्यात प्रतिवादींच्या नावांची यादी लांबते. प्रत्येक भावापुढे त्याची पत्नी आणि प्रत्येक बहिणीपुढे तिचा पती. हळर्णातील आपल्या काल्पनिक धाकट्याने केवळ थोरल्यावर मालकीचा दावा घातला आणि वहिनीला सोडले, तर आवश्यक पक्षकार नाही या मुद्द्यावर दावा अडचणीत येऊ शकतो. ‘भावावर दावा घातला’ हे बोलीतले एकवचन कागदावर अनेकवचन होते. या कायद्याची व्याप्ती किती, याचा महत्त्वाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला: गोव्यात अधिवास असलेल्या व्यक्तीची मालमत्ता भारतात गोव्याबाहेर असली तरी तिच्या वारशाला हाच कायदा लागतो.

तिसरा प्रश्न कुळांचा आणि मुंडकारांचा, आणि पेडण्यासारख्या भाटकार (जमीनमालक) आणि कुळे यांच्या मुलखात तो रोजचा आहे. दुसऱ्याची जमीन कसणारा तो कूळ; भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणारा तो मुंडकार. १९६४ च्या शेतजमीन कूळ कायद्याने आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कुळे मालक मानली गेली, तर मुंडकारांना १९७५ च्या कायद्याने घरातून हुसकावण्यापासून संरक्षण मिळाले. कूळ किंवा मुंडकार म्हणून हक्क ठरवून घ्यायचा तर मुख्यतः मामलेदाराकडे अर्ज करावा लागतो. तो दावा नव्हे, मामलेदार दिवाणी न्यायाधीश नव्हे, आणि दिवाणी दाव्यात हा मुद्दा निघाला तर तो मामलेदाराकडे पाठवावा लागतो. २०१४ मध्ये कुळांची प्रकरणे दिवाणी न्यायालयांकडे नेणारी दुरुस्ती झाली तेव्हा गोवाभर जो विरोध उठला, त्याच्या मुळाशी ‘अर्ज’ आणि ‘दावा’ यांतलाच फरक होता: अर्जदार कूळ वादी झाले की त्याच्यावर वकिलाचा खर्च, प्रक्रियेचे नियम आणि लांबणारा काळ यांचे ओझे येते. ती तरतूद पुढे मागे घेण्यात आली. असे असता ‘मुंडकाराने भाटकारावर दावा ठोकला’ असे मथळे येत राहतात, आणि ज्याने फक्त आपल्या घराची नोंदणी मागितली तो आक्रमक ठरतो.

चौथा, देवस्थानांचा. गोव्यातील देवळांचा कारभार महाजनांकडे असतो आणि त्याचे नियमन १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीने होते, जिच्याखाली मामलेदाराला देखरेखीचे अधिकार आहेत. महाजन कोण, पालखीला खांदा कोणाचा, कौल आधी कोणी घ्यायचा, यावरून गावेच्या गावे न्यायालयात गेली आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९ नुसार मालमत्तेचा किंवा पदाचा हक्क वादात असेल तर तो धार्मिक विधींवर अवलंबून असला तरी दिवाणी दावा चालतो. पण नुसत्या मानाचा, ज्याला पदही नाही आणि उत्पन्नही नाही, दावा चालत नाही, असे मुंबईच्या न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकापासून म्हटले आहे. तेव्हा ‘मानाचा दावा’ या शब्दप्रयोगात कायदा आणि बोली यांचा सरळ संघर्ष आहे: बोलीत तो सर्रास आहे, कायद्यात त्याला जागा फार थोडी आहे.

गोव्याबाहेर पाहिले तर शब्दांची हीच सरमिसळ मराठीच्या इतिहासलेखनातही खोलवर गेलेली आढळते. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाईंविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जी दाद मागितली ती वैवाहिक हक्क परत मिळवण्याची, म्हणजे निखळ दिवाणी. न्या. पिन्हे यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला, अपिलानंतर १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी रखमाबाईंना नवऱ्याकडे जाण्याचा, न गेल्यास कैदेचा हुकूम दिला, आणि १८८८ मध्ये तडजोड झाली. मराठीत मात्र ते ‘रखमाबाई खटला’ म्हणूनच ओळखले जाते. लोकमान्य टिळकांच्या बाबतीत घोटाळा अधिक ठळक आहे. १८९७ आणि १९०८ ची राजद्रोहाची प्रकरणे खरोखर खटले होती, त्यांत टिळक आरोपी होते. पण ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल याने १९१० च्या आपल्या पुस्तकात केलेल्या बदनामीबद्दल लंडनमध्ये जे प्रकरण चालले आणि १९१९ मध्ये टिळकांविरुद्ध गेले, त्यात टिळक वादी होते. तरीही त्याला ‘चिरोल खटला’ म्हणतात, आणि एखाद्या नव्या वाचकाला टिळकांवर आणखी एक खटला भरला गेला असे वाटले तर दोष त्याचा नाही. रूढ झालेली नावे आता बदलू नयेत, बदलणारही नाहीत. पण चालू प्रकरणांत तरी काळजी घेता येते. महाराष्ट्राने सीमाप्रश्नावर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद १३१ खाली जे दाखल केले तो मूळ दावा आहे, त्यात आरोपी कोणी नाही. त्याला ‘सीमा खटला’ म्हणणे बेळगावच्या मराठी माणसाच्या भावनेला जवळचे असेल, पण अचूक नाही.

‘केस’ बद्दल मात्र शुद्धिवाद्यांनी चालवलेला आरडाओरडा निरर्थक आहे. हा शब्द मराठीने पचवला आहे, त्याचे अनेकवचन ‘केसेस’ जिभेवर बसले आहे, आणि बोलणाऱ्याला भेद करायचा नसतो तेव्हा तो त्याची सोय करतो. अडचण लेखनात आहे. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ही जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा झाली. भाषा संचालनालयाच्या न्यायव्यवहार कोशाने वादपत्र, हुकूमनामा, अंतरिम आदेश यांसारखे शब्द एकसारखे करण्याचा प्रयत्न केला. आणि त्यातले काही जड असले तरी वकील आणि कारकून यांच्या रोजच्या हाताळणीने ते गुळगुळीत होत आहेत. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय व्यवहारात स्थान मिळाले, पण न्यायालयाचे निकाल आणि दस्त इंग्रजीतच लिहिले जातात. हळर्णातला साक्षीदार कोकणीत बोलतो, ते इंग्रजीत टिपले जाते, आणि निकालानंतर वार्ताहर त्याचे मराठी करतो. तीन भाषांच्या या प्रवासात कोठेतरी ‘अर्ज’चा ‘दावा’ आणि ‘दावा’चा ‘खटला’ होतो, आणि तो बहुधा शेवटच्या टप्प्यावर होतो.

तेवढा टप्पा सांभाळणे वृत्तपत्रांच्या हाती आहे. गोव्यातील मराठी दैनिकांच्या उपसंपादकांनी आणि न्यायालयीन कागदांचे भाषांतर करणाऱ्यांनी मथळा लिहिण्यापूर्वी कागदाच्या पहिल्या पानावर दोनच गोष्टी पाहाव्यात: मागणी कोणाकडे केली आहे, मामलेदाराकडे की न्यायाधीशाकडे, आणि मागितले काय आहे, हक्क, पैसा की शिक्षा. शिक्षा मागितली असेल तरच ‘खटला’ लिहावे. हक्क किंवा पैसा न्यायाधीशाकडे मागितला असेल तर ‘दावा’. मामलेदाराकडे गेलेल्याला ‘अर्ज’ म्हणावे. आणि इन्व्हेंटरीला इन्व्हेंटरीच म्हणावे, कारण पेडण्यापासून काणकोणपर्यंत तो शब्द सर्वांना कळतो.